कॅम्पस अपार्टमेंट: जो स्वयंपाक करत नाही, त्याने शेगडी घासायची का?

रफ वही

आम्ही चौघे कॉलेजच्या आवारातल्याच अपार्टमेंटमध्ये राहतो. प्रत्येकाला वेगळी खोली, दोन बाथरूम, एक हॉल, एक स्वयंपाकघर. करारही प्रत्येकाचा कॉलेजशी वेगवेगळा, त्यामुळे एकाने भाडं थकवलं तर बाकीच्यांच्या डोक्याला ताप नाही. इथवर सगळं छान. घोळ सुरू होतो तो आपापल्या खोलीचं दार उघडून बाहेर आलं की.

करारात एक कलम आहे. सामायिक जागेत काही मोडलं, किंवा जादा साफसफाई करावी लागली, आणि कुणी एकाने ते आपल्या अंगावर घेतलं नाही, तर खर्च सगळ्यांत समान वाटला जाईल. आता हाउसिंग ऑफिसने तपासणी लावली आहे. शेगडीमागची भिंत तेलाने चिकट पिवळी झालीय, सिंकखालच्या कपाटाची फळी ओल धरून फुगलीय, आणि फ्रिजच्या सगळ्यात खालच्या खणात काय आहे हे बघायला कुणी धजत नाही.

चौघांतला एक मेसमध्ये जेवतो. स्वयंपाकघरात त्याचा वावर म्हणजे बाटली भरणे आणि रात्री-अपरात्री मायक्रोवेव्ह. तो म्हणतो, "मी शेगडी एकदाही पेटवली नाही, मग मी ती का घासू?" दुसऱ्याचं म्हणणं, सामायिक म्हणजे सामायिक, चौघांचे वार लावा आणि विषय संपवा. यावरून दोघांचं बोलणं जवळपास बंद आहे. तुमच्याकडे हे कसं ठरलं? "आपसांत बोलून घ्या" हा सल्ला कृपया नको. बोलून झालंय.

तिसरा मजला

मेसवाल्याचं अर्धं बरोबर आहे आणि वार लावणाऱ्याचंही अर्धंच.

तुम्ही तीन वेगळी कामं एकाच पोत्यात भरलीत. एक, आपापला पसारा. स्वयंपाक केला, तेल उडालं, भांडी खरकटी झाली, की करणाऱ्याने ते तिथल्या तिथे आवरायचं. याला वार लावायचेच नसतात. वार लावला की "आज त्याचा दिवस आहे" म्हणून बाकीचे कढई तशीच सोडून जातात. दोन, जागा नुसती वापरल्यामुळे साचणारी घाण: केर, लादी, कचऱ्याचा डबा, फ्रिजच्या फळ्या, बाथरूम. हे चौघांचं, कारण बाटली भरायला का होईना, पाय सगळ्यांचे पडतात. तीन, लक्ष ठेवणं. नळ गळतोय, बिजागरी सुटलीय, कुठे ओल आलीय. हेही चौघांचं.

आता तुमची यादी या हिशेबाने बघा. शेगडीमागची भिंत तिघांनी घासायची, मेसवाल्याला सोडा. फ्रिजचा खण चौघांचा. आणि ती फुगलेली फळी? बाटली भरताना तो सिंकपाशीच उभा असतो ना? मग थेंब थेंब पाणी पडतंय हे त्यालाही ऐकू आलंच असणार. तिथे तो सुटत नाही.

पेन्सिलचं टोक

+१. "मी वापरत नाही" हे वाक्य जबाबदारीतून सुटायला सगळे वापरतात, फक्त आपापल्या सोयीच्या जागी. माझी रूममेट हॉलमध्ये कधी बसायची नाही, म्हणून हॉल झाडायची नाही. तिची सायकल मात्र हॉलमध्ये.

ओली छत्री

आमच्याकडे सुरेख तक्ता होता. रंगीत पेनांनी आखलेला, फ्रिजवर लावलेला. परीक्षा जवळ आल्यावर तो कुणी काढला नाही आणि कुणी पाळलाही नाही.

का बारगळला ते सांगते. तक्त्यात लिहिलं होतं, "बाथरूम: शनिवार". बाथरूम साफ करणं म्हणजे नक्की काय, हे प्रत्येकीच्या डोक्यात वेगळं होतं. एक जण आरसा पुसायची, बेसिनवर पाणी मारायची आणि ग्रुपवर टाकायची, "बाथरूम डन". कमोडच्या मागची बाजू, फरशीच्या सांध्यांतला काळेपणा, मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता हे तिच्या बाथरूममध्ये नव्हतंच मुळी. ती खोटं बोलत नव्हती, तिच्या लेखी काम झालेलं होतं. दुसरी मात्र पुढच्या शनिवारी दोन आठवड्यांचं घासायची आणि धुमसायची.

पुढच्या वर्षी नव्या मुलींबरोबर आम्ही कामाऐवजी काम झाल्यावरची अवस्था लिहिली. जाळी काढून त्यातले केस कचऱ्यात. कमोड आतून, बाहेरून आणि मागून. फरशी कोरडी. डब्यात नवी पिशवी. चार ओळी. भांडणं थांबली असं म्हणणार नाही, पण "मी केलं होतं" विरुद्ध "कुठे केलं होतंस" हे बंद झालं.

बिनपत्त्याचं पाकीट

एवढं संविधान लिहिण्यापेक्षा पैसे काढा आणि सफाईला माणूस लावा. चौघांत वाटलं तर जड जात नाही.

तिसरा मजला

@बिनपत्त्याचं पाकीट, आधी करार वाचायला लागेल. आवारातल्या घरांत बाहेरच्या माणसाला किल्ली देता येत नाही असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, म्हणजे तो येईल तेव्हा कुणीतरी घरी हवं. ते कोण, यावरून नवं भांडण. शिवाय तो लादी पुसेल, तुमचा रात्रीचा कुकर घासणार नाही. पहिल्या प्रकारचं काम विकत घेता येत नाही. ज्यांना परवडतं आणि परवानगी आहे त्यांनी दुसऱ्या प्रकारासाठी जरूर लावावा, पण चौघांतल्या एकाला परवडत नसेल तर त्याला "तू कंजूस आहेस" असं वाटायला लावू नका. हे फार होतं.

जुनी डायरी

मी शिकत असताना रेसिडेंट असिस्टंट होते, म्हणजे आवारातल्या घरांवर लक्ष ठेवायला ऑफिसने नेमलेली विद्यार्थिनी. तपासणीला ऑफिसच्या माणसाबरोबर हातात फॉर्म घेऊन फिरणारी ती मीच. दुसऱ्या बाजूने काय दिसतं ते सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तपासणारा तुमच्या भांडणात पडत नाही. "हे माझं नाही, त्याचं आहे" हे त्याला रोज ऐकू येतं. त्याच्या फॉर्मवर रकाना असतो जागेचा, माणसाचा नसतो. म्हणून नुकसान एकाने केलं असेल तर त्याने स्वतः लेखी कळवणं हाच बाकीच्यांना वाचवायचा मार्ग. हे न सांगणारा रूममेट मी कामचुकार रूममेटपेक्षा वाईट मानते.

दुसरी, राहायला आलात त्या दिवशीचा फॉर्म. घराच्या अवस्थेची नोंद करायला देतात तो. मुलं पेट्या उघडायच्या घाईत "सगळं ठीक" असं लिहून सही ठोकतात. निघताना हाच कागद समोर येतो. गादीवरचा जुना डाग, ओट्याचा उडालेला टवका, पडद्याची तुटलेली दांडी, सगळं लिहायचं आणि फोटो काढायचे. फोटो लांबून एक आणि जवळून एक, कारण नुसता जवळचा फोटो कुठल्या भिंतीचा आहे हे नंतर कळत नाही. वापराने होणारी झीज आणि नुकसान यांत फरक केला जातो. उन्हाने रंग उडाला ती झीज. भिंतीला टांगलेला दिवा ओढताना रंगाचा पापुद्रा निघाला ते नुकसान.

तिसरी, आणि खरं तर पहिलीच असायला हवी. स्वच्छतेचा शेरा पुसता येतो, सुरक्षेचा शेरा ऑफिस सोडत नाही. धुराच्या अलार्मला पिशवी बांधलेली मी अनेक घरांत बघितली आहे. कारण एकच, फोडणी दिली की वाजतो. अहो, मग खिडकी उघडा, शेगडीवरचा पंखा लावा, त्याची तेलकट जाळी धुवा. पिशवी ही तुम्ही शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या वतीने घेतलेली जोखीम आहे आणि त्याला विचारलेलंही नाही. जिना बंद ठेवणारं जड दार विटेने अडवून ठेवणं हाही तसाच प्रकार. ते दार धूर जिन्यात शिरू नये म्हणून असतं.

छताच्या स्प्रिंकलरला हँगर लावू नका. त्याच्या तोंडाशी द्रव भरलेली बारीक काचेची नळी असते. लाल द्रव असेल तर साधारण ६८ अंश सेल्सिअसला ती फुटते आणि पाणी सुटतं. ओल्या जॅकेटचा हिसका बसला तरी फुटू शकते. मग तुमचंच नाही, खालच्या मजल्याचंही घर भिजतं आणि बिल कुणाच्या नावाने येतं ते सांगायला नको.

रफ वही

डायरीताई, हे सगळं ग्रुपवर टाकलं. अलार्मवरची पिशवी आमच्याकडेही होती. आता नाही.

एक शंका. तपासणीच्या धास्तीने एक जण बाथरूममध्ये दोन-तीन क्लीनर एकत्र ओतून घासायचं म्हणतोय. चालेल ना?

जुनी डायरी

अजिबात नाही! थांबवा त्याला. ब्लीचमध्ये ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर मिसळलं की क्लोरीन वायू निघतो, अमोनियावालं काही मिसळलं की क्लोरामाइन. बंद बाथरूममध्ये दोन्ही फुफ्फुसांना घातक. एका वेळी एकच, मध्ये भरपूर पाणी, खिडकी उघडी.

याच ओघात: कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. शेगडी बंद, वर झाकण, आणि कढईला हात न लावता गार होऊ द्यायची. आवाक्याबाहेर वाटलं तर झाकणाच्या नादी न लागता सगळ्यांनी बाहेर पडून अग्निशामक दलाला फोन. पहिल्यांदाच घरापासून लांब राहणाऱ्याने हे पहिल्या आठवड्यात शिकायचं. केर काढणं नंतर शिकलं तरी चालेल.

आकडेमोड्या

सगळ्यांना आपणच जास्त करतो असं का वाटतं, यावर मानसशास्त्रात एक गाजलेला अभ्यास आहे. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या दोघांनी १९७९ मध्ये तो प्रसिद्ध केला. नवरा आणि बायको दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? बहुतेक जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या पुढे गेली. गंमत म्हणजे भांडण उकरून काढण्यासारख्या नकोशा गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्तच सांगितला. म्हणजे हा निव्वळ फुशारकीचा मामला नव्हे. आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपल्या डोळ्यांसमोर घडलेलंच नसतं. तुम्ही लेक्चरला असताना कुणीतरी कचरा खाली नेऊन टाकला, तर तुमच्या लेखी डबा आपोआप रिकामा झाला.

दोघांत हे होतं तर चौघांत काय होईल ते बघा. म्हणून भांडणाच्या वेळी "मीच सगळं करतो" म्हणणाऱ्याला खोटारडा ठरवू नका. कचरा नेला, दुरुस्तीची तक्रार नोंदवली, साबण आणला, की दाराजवळच्या पाटीवर नाव लिहा. तीन आठवड्यांनी पाटीच बोलते.

पेन्सिलचं टोक

पाटी म्हणजे एकमेकांवर पाळत ठेवणं नाही का? मला अशा घरात राहायला आवडणार नाही.

आकडेमोड्या

पाळत आहेच, पण आपसांतली. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयासाठी: सगळ्यांच्या मालकीची कुरणं, पाण्याचे पाट, मासेमारीची ठिकाणं लोक सरकारशिवाय आणि मालकाशिवाय कशी टिकवतात. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावचा नियम त्यांनी दिला आहे. हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर न्यायच्या. १५१७ चा नियम. बघा, "सगळ्यांनी समजूतदारपणे वागावं" असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मोजता येईल असं लिहिलंय.

आणि अशा टिकलेल्या ठिकाणी एक समान गोष्ट दिसली. पहिल्या चुकीला शिक्षा अगदी किरकोळ असते, वारंवार केल्यास वाढत जाते. तुमच्या घरात उलटं चालतं. महिनाभर कुणी काही बोलत नाही आणि मग एका रात्री एकदम हाउसिंग ऑफिसला ईमेल.

अर्धवट चावी

मूळ विषयाला थोडं अवांतर, पण जबाबदारीत बसतं. रूममेटचा मित्र आठवड्यातले चार-पाच दिवस आमच्याकडेच असतो. माणूस सभ्य आहे, भांडणतंटा नाही. पण सकाळी बाथरूम अडलेलं, गरम पाणी संपलेलं, आणि मी टॉवेल गुंडाळून हॉलमध्ये यायला कचरते. रूममेटला म्हटलं तर म्हणते, "तो माझ्या खोलीत राहतो, तुला काय त्रास?" पाहुण्यांचा नियम आहे, पण मला लगेच तक्रार करायची नाही.

ओली छत्री

तो तिच्या खोलीत झोपतो, राहतो पूर्ण घरात. हेच वाक्य तिला सांग. "आवडत नाही" म्हटलंस की विषय तुझ्या स्वभावावर येतो. "सकाळी सात ते नऊ बाथरूम आपल्या दोघींचं" म्हटलंस तर तिला हो किंवा नाही म्हणावं लागतं. रात्री ग्रुपवर लिहू नकोस, दुपारी समोर बसून बोल.

जुनी डायरी

@अर्धवट चावी, पाहुण्याने काही मोडलं किंवा नियम तोडला तर बहुतेक करारांत जबाबदार धरतात ते बोलावणाऱ्याला. बोलावणाऱ्यांना हे बऱ्याचदा माहीत नसतं असं माझ्या लक्षात आलंय, तिला सांगून बघा. आणि एका गोष्टीत संकोच नको. तिने त्याला किल्ली किंवा प्रवेशाचं कार्ड दिलं असेल तर तो तुमच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. तिथे गोडीगुलाबीने घ्यायचं कारण नाही, सरळ ऑफिसला सांगा.

खिडकीतली जागा

इतका वेळ वाचत होते. सगळं भांडी, लादी आणि पैसे. एक जबाबदारी कुणीच लिहिली नाही.

आमच्या फ्लॅटमधली एक मुलगी सलग दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. दाराखालून उजेड दिसायचा. आम्हाला वाटलं अभ्यास चालू असेल. तिसरीने दार ठोठावलं तेव्हा कळलं, ताप आणि उलट्यांनी ती इतकी गळून गेली होती की उठून पाणी घ्यायचीही ताकद नव्हती. स्वतंत्र खोल्यांचा हा तोटा आहे. होस्टेलच्या एकाच खोलीत शेजारचा पलंग दिसतो, इथे फक्त बंद दार.

त्यानंतर आम्ही ठरवलं, दिवसभरात कुणी दिसली नाही तर दार वाजवायचं. राग आला तरी चालेल. प्रत्येकीच्या घरचा एक नंबर आणि कशाची ॲलर्जी आहे ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं. कुणी फार उदास दिसली, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलली, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवायचं नाही, रेसिडेंट असिस्टंटला किंवा समुपदेशकाला सांगायचं. तिचा सांभाळ एकट्या रूममेटने करायचा नसतो, पण आधी कळणार मात्र रूममेटलाच.

बिनपत्त्याचं पाकीट

हे पटलं. सफाईचा माणूस दार ठोठावणार नाही, हे मान्य.

रफ वही

अपडेट. तिसरा मजला यांची तीन प्रकारांची विभागणी चौघांसमोर वाचून दाखवली. मेसवाला शेगडीतून सुटला म्हणून खूश, आणि त्या भरात दुरुस्तीच्या तक्रारी नोंदवण्याचं काम त्याने अंगावर घेतलं. फळी फुगायचं कारण सिंकखालच्या पाइपची ढिली रिंग निघाली. ऑफिसने पाइप लगेच नीट केला, फळीचा खर्च मात्र चौघांवर लावला, कारण "वेळेत कळवलं असतं तर फळी वाचली असती". वाद घातला, उपयोग झाला नाही.

फ्रिजचा खालचा खण मीच उघडला. वर्णन करत नाही. आता डब्यावर नाव आणि तारीख, शिजवलेलं चौथ्या दिवसानंतर दिसलं की न विचारता फेकायचं. फ्रिज ४ अंशांच्या खाली ठेवलाय, आधी तो जेमतेम गार होता.

आता नवीन प्रश्न. चौथा मुलगा पुढच्या सत्रात इंटर्नशिपला जातोय. त्याच्या जागी कॉलेज कुणालाही पाठवू शकतं. तोवर झालेल्या नुकसानाचं काय? नवा येणारा म्हणेल, मी तर आत्ताच आलो.

जुनी डायरी

आणि त्याचं बरोबरच असेल. तुमचे करार वेगवेगळे आहेत, त्यामुळे जाणाऱ्याचा हिशेब त्याच्या शेवटच्या दिवशी बंद करून घ्या. बाहेरच्या घरांत बऱ्याचदा चौघांची एकाच करारावर सही असते. तिथे एक निघून गेला तरी मालक पूर्ण रक्कम उरलेल्यांकडून मागू शकतो, म्हणून ते प्रकरण जास्त अवघड असतं. तुमच्याकडे असं करा.

तो सामान हलवायच्या आधी ऑफिसकडून सामायिक जागेची पाहणी मागा. ईमेलने मागा, तोंडी नको. ऑफिस यायला तयार नसेल तर चौघांनी मिळून प्रत्येक खोलीचे फोटो काढा आणि त्याच दिवशी चौघांच्या नावाने त्यांना पाठवा. त्याने किल्ली परत केल्याची पावती घ्यायला सांगा. तो गेल्यावर त्याचं कपाट, फ्रिजमधली फळी आणि बाथरूममधला कोपरा लगेच रिकामा करा, नाहीतर तिथे तुमचाच पसारा पसरतो आणि नवा मुलगा येतो तेव्हा त्याला जागा नसते. नव्याला पहिल्याच दिवशी तो अवस्थेचा फॉर्म भरायला बसवा. तुमची जुनी यादी त्याच्यापुढे ठेवा, पण सही मागू नका. आठवडाभर राहू दे, मग पाचही जण... चौघेच ना? चौघे बसून वाटणी पुन्हा करा. तो स्वयंपाक करणारा निघाला तर शेगडीचा हिशेब बदलेल.